इंजिनाच्या कानात वारं

जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. टर्बोचं गणित इतकं सोपं असेल, तर एका मित्राच्या वडिलांच्या गाडीचा पिस्टन हायवेवर फुटला कसा? उद्यमनगरातल्या एका गॅरेजमधून, एका 'बिल्ड'ची गोष्ट.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या त्या गॅरेजच्या बाकावर जुना पेपर अंथरलाय आणि त्यावर चार पिस्टन ओळीनं मांडलेत. पहिला, दुसरा आणि चौथा काळे पडलेत, पण धड आहेत. तिसऱ्याची कड मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी गळून पडलीय. 'हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग बिस्कीट,' तो म्हणतो.

तो म्हणजे माझा शाळेतला मित्र. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाव छापू नकोस म्हणालाय. 'एक तर आरटीओ, आणि दुसरी आई.' पिस्टन ज्या गाडीतले आहेत, ती त्याच्या वडिलांची १९ वर्षं जुनी, १३०० सीसीची पेट्रोल सेदान. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली, घरातल्या दोन लग्नांच्या वराती बघितलेली. पप्पांनी ती त्याला कॉलेजला न्यायला दिली. यानं तिला टर्बो बसवला.

आपल्यातल्या किती जणांनी हे स्वप्न बघितलंय! रील्समध्ये 'स्टुटुटु' आवाज येतो, स्पीडोमीटरचा काटा पळतो आणि खाली कमेंट पडतात, 'नाद खुळा'. पण काटा पळण्याआधी बॉनेटखाली काय काय करावं लागतं, हे रीलमध्ये दिसत नाही. ते बघायला मी तीन रविवार या गॅरेजमध्ये घालवले.

चार टाक्या हवा

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. आपल्याला वाटतं गाडी पेट्रोलवर चालते, पण एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, मोठा इंजेक्टर लावला की झालं. अडतं ते हवेपाशी.

१३०० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ६००० आरपीएमला मिनिटात ३००० श्वास, म्हणजे ३९०० लिटर हवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ चार टाक्या, एका मिनिटात! तेही सिलिंडर पूर्ण भरले तर. साध्या इंजिनात तेवढे भरत नाहीत.

आता या श्वासाला जोर द्यायचा. टर्बोत एका दांड्यावर दोन पंखे असतात. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतो. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे मारू शकतो. सुपरचार्जरचं कामही हेच, फक्त तो पट्ट्यानं थेट इंजिनावरच फिरतो. त्यामुळे तो ताबडतोब दाब देतो, पण इंजिनाची थोडी ताकद स्वतःच खातो. टर्बो वाया जाणारी ऊर्जा वापरतो, पण धुराचा जोर येईपर्यंत क्षणभर वाट बघायला लावतो. त्यालाच म्हणायचं टर्बो लॅग.

वातावरणाच्या दाबावर अजून किती दाब चढवला, ते म्हणजे 'बूस्ट'. ०.५ बार बूस्ट म्हणजे दीडपट दाब. मग ताकद दीडपट? मित्रालाही तसंच वाटलं होतं.

दाबलं की तापतं

सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, आठवतंय? टर्बोत तेच होतं. कोल्हापुरात बाहेर ३५ अंश असताना ०.५ बार दाबलेली हवा टर्बोतून बाहेर पडते ती साधारण ९० अंशांना. (टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दिलेल्यांनी करून बघा.) गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवा प्रत्यक्षात वाढते जेमतेम २७-२८ टक्के.

म्हणून टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये इंटरकूलर बसवतात. दिसायला रेडिएटरसारखाच, फक्त त्यातून पाण्याऐवजी दाबलेली हवा जाते. त्यानं ती ५० अंशांवर आणली, तर थोडा दाब गमावूनही हवा ३८ टक्क्यांनी वाढते. एकही जास्तीचा फेरा न मारता, नुसतं थंड करून दहा टक्के कमाई.

मित्रानं पहिल्या वेळी इंटरकूलर बसवलाच नाही. 'पैसे संपले होते. म्हटलं, नंतर बसवू.'

टर्बोही चुकीचा निवडला. जुन्या बाजारात ९ हजारांना १३०० सीसीच्या डिझेल गाडीचा टर्बो मिळाला. आपलंही इंजिन १३०० सीसी, मग बसणारच की! पण डिझेल इंजिन पाच हजार आरपीएमच्या आतबाहेर दमतं. हे पेट्रोल इंजिन साडेसहा हजारांपर्यंत ओरडतं. वरच्या आरपीएमला त्या छोट्या टर्बोतून धूर पुरेसा बाहेर पडेना. जळका गरम वायू सिलिंडरमध्येच रेंगाळू लागला. शिवाय पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, तेही त्या टर्बोला झेपणारं नव्हतं.

कागलच्या अलीकडे

पेट्रोल इंजिनात स्पार्क पडतो, तिथून ज्वाळा पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. पण आतली हवा फार गरम, फार दाबलेली असेल, तर ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. मग ढकलण्याऐवजी हातोडा बसतो. बाहेर 'टण टण' असा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आपले मिस्त्री म्हणतात, 'इंजिन ठोकतंय.' पेट्रोलचा ऑक्टेन आकडा हे ठोकणं सहन करायची ताकद सांगतो.

मित्राच्या गाडीत ठोकायची सगळी तयारी होती. गरम हवा, कोंडलेला धूर, मूळचेच छोटे इंजेक्टर आणि कंपनीचंच स्पार्कचं टायमिंग. तरी ०.५ बारवर गाडी महिनाभर चालली. मग एका मित्रानं, म्हणजे अजून एका, बूस्ट ०.८ करायला सांगितलं. एक स्क्रू फिरवायचा होता फक्त.

'हायवेला काढली. तिसऱ्या गिअरमध्ये असली ओढली मर्दा, मागं टेकलोच. म्युझिक मोठ्यानं लावलेलं, त्यामुळं आवाज ऐकूच आला नाही. कागलच्या अलीकडं एकदम धप्प झालं. आरशात बघतोय तर सगळा निळा धूर. गाडीत जीवच राहिला नाही आणि मी उजव्या लेनला. मागनं ट्रक. त्यानं जो हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. डावीकडं कसा आलो, खरं सांगू? मला आठवत नाही.'

हे सांगताना तो हसत नव्हता.

गॅरेजला आणून कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडरमध्ये १७५ पीएसआयच्या आसपास, तिसऱ्यात ६०. मिस्त्रींनी गेजकडे बघितलं आणि म्हणाले, 'उघडायला लागतंय.'

पिस्टनवर ज्या खाचेत रिंग बसते, तिची कड तुटली होती. मिस्त्रींनी मला रिंग हातात घेऊन दाखवली. रिंग म्हणजे पूर्ण गोल नसतो, तिच्या दोन टोकांमध्ये केसाएवढी फट असते. तापली की रिंग फुगते आणि फट मिटत जाते. टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त, म्हणून फटही जास्त ठेवावी लागते. रस्त्यावरच्या टर्बो इंजिनासाठी साधारण हिशेब असा की, बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरला ०.००४५ ते ०.००५ मिलिमीटर. ७४ मिमीच्या बोअरला ०.३३ ते ०.३७. फट कमी पडली की दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला ओरबाडते आणि पिस्टनची कड फोडते. त्यावर नॉकिंगचे हातोडे पडत असतील तर मग विचारूच नका.

पप्पांची अट

वडील दुसऱ्या दिवशी गॅरेजला आले. ओरडले नाहीत. पेपरवरचे पिस्टन बघितले, मिस्त्रींनी दिलेला चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, 'माझी गाडी होती तशी करून दे. मग तुला काय खेळायचं ते खेळ.'

ब्लॉक बोअर करून, ओव्हरसाइज स्टँडर्ड पिस्टन टाकून पप्पांचं इंजिन परत उभं राहिलं. ३८ हजार रुपये. त्यासाठी मित्रानं आपली बाइक विकली. उरलेल्या पैशांत भंगारातून त्याच मॉडेलची एक नोंदणी रद्द झालेली बॉडी घेतली, त्यात जुनं इंजिन होतं. यावेळी वही घेतली आणि मिस्त्रींना म्हणाला, 'तुम्ही सांगाल तसं.'

मिस्त्रींनी पहिल्या पानावर लिहायला लावलं, 'बूस्ट शेवटी.'

मग आठ महिने काम चाललं. पेट्रोल इंजिनाला जुळणारा टर्बो. फोर्ज्ड पिस्टन, साध्या पिस्टनसारखे साच्यात ओतलेले नाहीत, दाबून घडवलेले. कॉम्प्रेशन रेशो थोडा खाली, ८.५ ला. रिंगा एकेक करून हातानं घासल्या आणि फिलर गेजनं फट मोजली. हेड गॅस्केट स्टीलच्या पत्र्यांच्या थरांचं, कारण दाब वाढला की हेड उचलायला बघतं. स्पार्क प्लग एक नंबर 'थंड' आणि त्यांची फटही कमी, नाहीतर दाबलेल्या हवेत ठिणगी विझते. टर्बोला ऑइल नेणारी आणि परत आणणारी नळी. परत येणारी नळी सरळ उतारानं सम्पमध्ये आली पाहिजे, कारण तिथं ऑइल नुसतं स्वतःच्या वजनानं खाली येतं. ती जरा वर उचलली गेली तरी ऑइल तुंबतं आणि टर्बो धूर काढतो.

इंजेक्टरचा हिशेब त्यानं माझ्यासमोर मांडला. १३० एचपी धरले, एका एचपीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल, म्हणजे तासाला ३५ किलो. चार इंजेक्टर, आणि प्रत्येक इंजेक्टरनं ८० टक्क्यांवर दमायचं नाही. उत्तर येतं मिनिटाला साधारण २५० सीसीचा एक इंजेक्टर. 'हे गणित पहिल्यांदा दहा मिनिटांत झालं असतं,' तो म्हणाला. 'मी केलंच नाही.'

मग आला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा मेंदू. लॅपटॉपवर चौकटींचा तक्ता दिसतो. आडवं आरपीएम, उभा दाब. प्रत्येक चौकटीत किती पेट्रोल आणि स्पार्क कधी, हे भरायचं. बूस्टखाली मिश्रण मुद्दाम जास्त पेट्रोलचं ठेवतात, कारण जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता शोषतं. आणि स्पार्क जरा उशिरा. एक्झॉस्टमध्ये बसवलेला वाइडबँड सेन्सर मिश्रण मोजून सांगतो. नॉकिंग ऐकायला वेगळा सेन्सर. गाडीत आता म्युझिक सिस्टीम नाही.

इथं एक खास आपल्याकडची गंमत आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून होतं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते बनवतात. मायलेज कमी होतं म्हणून सगळे कुरकुरतात आणि ते खरंही आहे, एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. पण त्याचा ऑक्टेन वरचा आणि वाफ होताना ते आतली हवा चांगलीच थंड करतं. टर्बोवाल्यांना हेच तर हवं असतं! मात्र इथेनॉलला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी ९ किलो. म्हणजे तक्ता जुन्या पेट्रोलवर बांधला असेल तर तो चुकतो. शिवाय १९ वर्षांपूर्वीचे रबरी पाइप इथेनॉलसाठी बनलेले नव्हते, ते सगळे बदलावे लागले.

शेवटी ट्रकवर घालून बॉडी पुण्याला डायनोवर नेली. डायनो म्हणजे गाडी जागेवर पळवून चाकांवरची ताकद मोजायचं यंत्र. याच मॉडेलची स्टँडर्ड गाडी तिथं ६९ एचपी दाखवते. याची, ०.५ बारवर, ९३. म्हणजे ३५ टक्के जास्त. दीडपट नाही, पण कागदावरच्या ३८ टक्क्यांच्या अगदी जवळ. ०.८ चा स्क्रू यावेळी कुणी फिरवला नाही.

दंड कुणाला?

आता प्रश्न असा की, हे इंजिन पप्पांच्या गाडीत बसवून रस्त्यावर आणता येईल का? मूळ स्वप्न तेच होतं.

उत्तर आहे, नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीनं मूळ जे दिलं आणि आरसी बुकात जे लिहिलंय, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर, न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी अपघाताचा दावा नाकारू शकते, ते वेगळंच.

मी हे कलम त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं. तो एका शब्दावर थांबला. शिक्षा 'मालका'ला आहे. गाडी चालवणाऱ्याला नाही, बदल करणाऱ्या मुलाला नाही. आरसीवर नाव पप्पांचं. पुढच्या वर्षी गाडीला २० वर्षं होतात, पुन्हा आरटीओत तपासणी, आणि तिथं गाडी घेऊन उभे राहणार पप्पा.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'ट्रकवाल्याच्या जागी पप्पा असते तर?' मला आधी संदर्भ लागला नाही. मग लागला. कागलच्या अलीकडे त्या दिवशी त्याच्यामागे जो होता, तोही कुणाचा तरी बाप असणार.

मिस्त्रींचं म्हणणं तर अजून साधं. 'पळायला सगळ्यांना पायजे. थांबायचं कुणी बघत नाही.' ते खरंच आहे. ताशी ८० ऐवजी १२० नं गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट. इंजिन बदललं आणि ब्रेक, टायर, सस्पेन्शन तेच ठेवलं, तर गाडी जोरात जाते, एवढंच. म्हणून टर्बोच्या बॉडीला आता मोठ्या डिस्क आहेत, चार टायर नवे आहेत आणि ती रस्त्यावर येणार नाही. ट्रकवर बसून धावपट्टीवर जाईल, जिथं परवानगी काढून, हेल्मेट घालून, अँब्युलन्स उभी ठेवून ड्रॅग रेस होते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्यात. कोइम्बतूर आणि चेन्नईला तर कायमचे ट्रॅक आहेत.

आणि ज्यांना रस्त्यावरच टर्बो हवाय, त्यांच्यासाठी कंपन्यांनीच सोय केलीय. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय १.२ लिटर टर्बोवर १०५ पीएस घेऊन आली. २०१९ ची ह्युंदाई व्हेन्यू ९९८ सीसीतून १२० पीएस काढत होती. तेही वॉरंटीसकट आणि आरसीवर लिहून!

शेवटच्या रविवारी पप्पाही गॅरेजला आले होते. स्वतःच्या गाडीतून, जी आता पूर्वीसारखीच शांत चालते. टर्बोची बॉडी सुरू होती. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून बघितलं, टर्बोवर हात धरून ऊब घेतली आणि मिस्त्रींना ऑइलच्या नळीबद्दल दोन प्रश्न विचारले. जाता जाता मुलाला म्हणाले, 'तिथं बघायला यायचं तर पास लागतो का रे?'

चौकट : टर्बोची शंभरी कधीच उलटली

- १९०५ : स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युची यांना टर्बोच्या कल्पनेचं पेटंट.
- १९६२ : अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बो असलेल्या पहिल्या कार बाजारात. जेटफायरमध्ये नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक ते भरायलाच विसरायचे!
- १९७३ : बीएमडब्ल्यू २००२ टर्बो.
- १९७८ : साब ९९ टर्बो. रोजच्या वापरातल्या गाडीतही टर्बो शोभतो, हे या गाडीनं पटवून दिलं.

चौकट : मिस्त्रींच्या वहीतलं पहिलं पान

१. आधी इंजिन तपासा, कॉम्प्रेशन मोजा. आजारी इंजिनाला टर्बो नको.
२. ब्रेक, टायर, क्लच.
३. कूलिंग आणि ऑइल.
४. पेट्रोल : पंप, इंजेक्टर, मोजायला सेन्सर.
५. ईसीयूचा तक्ता, डायनोवर. हायवेवर नाही.
६. जोरात चालवून आल्यावर मिनिटभर आयडलला ठेवा. लगेच बंद केलं तर तापलेल्या टर्बोत ऑइल जळून काजळी होतं.
७. बूस्ट शेवटी.